वासरू सोडायची वेळ

रात्र सरल्याचं सांगायला मराठीकडे पुष्कळ क्रियापदं आहेत, आणि त्यांतली गावाकडची बरीचशी मोडतोडीची आहेत. तांबडं फुटतं. फटफटतं. हिब्रूतही हीच तऱ्हा. तिथे सकाळला ‘बोकेर’ म्हणतात. त्यातली व्यंजनं तीन: ब, क, र. याच तिघांचं अरबी क्रियापद चिरणं, फाडणं या अर्थाचं आहे, म्हणून जुन्या कोशकारांनी बोकेरचा अर्थ लावला तो असा: अंधार चिरून येणारी.

पुढची गोष्ट जास्त मजेची आहे. याच तीन व्यंजनांतून हिब्रूत ‘बाकार’ होतं, म्हणजे गुरंढोरं. आणि ‘बोकेर’ असाच दुसरा शब्दही होतो, म्हणजे गुराखी. लिहिताना व्यंजनं तीच, उच्चारात किंचित फरक. संदेष्टा आमोस आपण संदेष्ट्यांच्या घराण्यातले नव्हे, साधे गुराखी आहोत असं सांगतो, तेव्हा तो हाच शब्द वापरतो. ‘बिक्केर’ हे त्याच घरातलं क्रियापद बारकाईने पाहणी करण्याचं आहे. यहेज्केलाच्या पुस्तकात पांगलेला कळप एकेक मेंढरू पाहत गोळा करणारा मेंढपाळ येतो तिथे ते वापरलं आहे, आणि तो मेंढपाळ देव आहे. सकाळ आणि गुरं हे शब्द मुळात एक की योगायोगाने सारखे, यावर भाषाशास्त्रज्ञ भांडतात. भांडोत. ज्यांच्या घरात दोन्ही शब्द रोज उच्चारले जात, त्यांना एकात दुसऱ्याची चाहूल लागत असणारच. (आपल्या बकऱ्याला मात्र यात ओढू नये. तो संस्कृत ‘बर्करा’तून आला, कुराणातल्या ज्या सूऱ्याचं नाव ‘बकरा’ आहे त्याचा अर्थ गाय.)

हे सगळं उकरायचं कारण असं की ख्रिस्ती भक्तीत सकाळ आणि देवाची प्रीती यांची गाठ फार जुनी आहे. उठल्याबरोबर, चूल पेटण्याआधी, देवाच्या प्रीतीची आठवण करायची ही रीत वसईच्या वाड्यांत आहे, नगरच्या खेड्यांत आहे, गोव्यातही आहे. त्या रीतीबद्दल प्रवचनं पुष्कळ झाली. मला तिच्यातले शब्द बघायचे आहेत. ते बघताना माझी एक समजूत पक्की होत गेली: सकाळच्या या प्रीतीचे शब्द देवळात घडलेले नाहीत. ते गोठ्यात आणि बाळंतिणीच्या खोलीत घडले आहेत.

सुरुवात विलापगीतापासून करावी लागते. जुन्या करारातलं हे छोटं पुस्तक, पाच अध्यायांचं. इसवी सनापूर्वी ५८६च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेम पाडलं, मंदिर जाळलं, माणसं धरून नेली. त्या राखेत बसून केलेला हा आक्रोश. पण आक्रोश शिस्तीतला आहे. हिब्रू मुळाक्षरं बावीस. तिसऱ्या अध्यायात सहासष्ट ओव्या आहेत, प्रत्येक अक्षराच्या वाट्याला तीन. पहिल्या तीन ‘आलेफ’ने सुरू होतात, पुढच्या तीन ‘बेथ’ने, आणि असं शेवटपर्यंत. दुःखाला वर्णमालेच्या दाव्याला बांधल्यासारखं. आठवं अक्षर ‘हेथ’, घशातून येणारा ‘ह’. बाविसावी, तेविसावी आणि चोविसावी ओवी या अक्षराची, आणि देवाची प्रीती रोज सकाळी नवी असते ही कल्पना जगभर पसरली ती या तीन ओव्यांतून.

त्या कुठल्या शब्दांनी सुरू होतात ते पाहा. बाविसाव्या ओवीत ‘हसदे’, म्हणजे हेसेदची अनेक रूपं. तेविसाव्या ओवीचा पहिला शब्द ‘हदाशीम’, म्हणजे नव्या. चोविसाव्या ओवीचा ‘हेल्की’, म्हणजे माझा वाटा. कवीला ‘ह’ हवा होता, आणि ‘ह’ने त्याला हे तीन शब्द हातात दिले: प्रीती, नवेपण, वाटा. भाविकाला कदाचित खटकेल, पण मला यात उणं काही वाटत नाही. आपल्या ओवीकारांनाही यमकाने कितीदा तरी असं काही सुचवलं आहे जे नुसत्या विचाराने सुचलं नसतं.

आता हेसेद. हा शब्द भाषांतरकारांच्या छातीत धडकी भरवतो. ग्रीक भाषांतराने ‘एलेओस’ म्हटलं, म्हणजे दया. लॅटिनने ‘मिसेरिकॉर्दिया’, म्हणजे दुःखिताकडे वळलेलं हृदय. गोव्यातल्या ‘सांता काझा दा मिझेरिकॉर्दिया’ या जुन्या धर्मादाय संस्थेच्या नावात तो आहे. इंग्रजीत माइल्स कव्हरडेलने १५३५ साली दोन शब्द जोडून ‘लव्हिंगकाइंडनेस’ असा नवाच शब्द टाकसाळीतून काढला. अडचण अशी की हेसेदमध्ये प्रेम आहे, पण नुसती भावना नाही; त्यात बांधिलकी आहे. दिलेल्या शब्दाला, जोडलेल्या नात्याला धरून राहणं आहे. ज्याने करार केला त्याने समोरचा चुकला तरी तो मोडायचा नाही, असं काहीसं.

हिब्रूत एका पक्ष्याचं नाव याच शब्दावरून पडलं आहे. करकोच्याला ‘हसिदा’ म्हणतात. का, हे तालमूदमध्ये सांगितलं आहे: तो आपल्या साथीदारांशी हेसेदने वागतो म्हणून. युरोपातून आफ्रिकेकडे जाणारे करकोच्यांचे थवे पॅलेस्टाइनवरून जातात, यिर्मयाच्या पुस्तकातही करकोचा आपला हंगाम ओळखणारा पक्षी म्हणून येतो. तेव्हा हेसेद म्हटल्यावर हिब्रू कानाला पंखांचा आवाजही ऐकू येत असेल.

मराठीने काय केलं? एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीरामपूरला विल्यम कॅरींनी मराठी भाषांतर छापायला घेतलं, १८१३ साली मुंबईत उतरलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी पुढे आपलं वेगळं केलं, नंतर सुधारणा होत राहिल्या. या सगळ्या खटाटोपातून मराठी बायबलात हेसेदला मुख्यतः दोन शब्द रुळले: दया आणि वात्सल्य.

दया हा शब्द आपण इतका वापरला की तो भिकाऱ्याच्या वाडग्यापुरता उरला. दया करणारा वर, दया घेणारा खाली. पण संस्कृतातला ‘दय्’ हा धातू मुळात वाटण्याचा आहे. ‘दयते’ म्हणजे वाटा देतो, हिस्सा काढून देतो. वेदात देव धन वाटतात तिथे हे क्रियापद येतं. करुणेचा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे दयेत मूळ गोष्ट कीव नव्हे, हिस्सा. आणि विलापगीताचा कवी ‘हेसेद’ म्हणून दोनच ओव्या पुढे ‘माझा वाटा’ म्हणतो! कॅरींना किंवा त्यांच्या पंडितांना हे ठाऊक असेल असं मी म्हणत नाही. शब्दांना ते ठाऊक होतं, एवढंच.

दुसरा शब्द वात्सल्य. हा मराठी स्तोत्रसंहितेत सकाळच्या संदर्भात आला की मला फार योग्य ठिकाणी आल्यासारखा वाटतो. वत्स म्हणजे वासरू. त्याच्याही मागे गेलं तर ‘वर्षाचं’, एक वर्ष वयाचं जनावर. संवत्सरातला ‘वत्सर’ त्याचाच भाऊ. लॅटिनमधला वासराचा शब्द ‘वितुलुस’ आणि म्हाताऱ्याचा शब्द ‘वेतुस’ हेही याच गोतातले, कारण वर्ष दोघांच्याही अंगावर मोजलं जातं. वत्सरूपातून आपलं वासरू झालं. वत्सल ती गाय, जिचं चित्त वासरापाशी आहे. मग आई वत्सल झाली, मग देव वत्सल झाला.

आता गोठ्यातली सकाळ. रात्रभर वासरू गाईपासून वेगळं बांधलेलं असतं. पहाटे धार काढायच्या आधी ते सोडतात. ते धडपडत येऊन ढुशा देतं, गाय त्याला चाटते, आणि पान्हा सोडते. हा ‘पान्हा’ही जुना शब्द, संस्कृत ‘प्रस्नवा’पासून, स्रवणं, पाझरणं. गाईला पान्हा फुटतो, म्हणजे इथेही फुटणंच. वासराशिवाय कास कितीही ओढा, गाय दूध चोरते. हे ज्याने बघितलं आहे त्याला ‘सकाळी तुझं वात्सल्य मला ऐकू येवो’ अशा धाटणीच्या स्तोत्रातल्या विनवणीचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही. ढुशी देणाऱ्यालाच ती प्रार्थना सुचली असणार.

आणि संस्कृतने ही वेळ नावानिशी नोंदवून ठेवली आहे. संध्याकाळच्या गोरज मुहूर्ताचं आपल्याला कौतुक. लग्नपत्रिकेत तो छापतो. सकाळचा जोडीदार मात्र विसरला गेला. गाई सोडायची पहाटेची वेळ म्हणजे ‘गोसर्ग’. त्यानंतर गाई दोहण्यासाठी एकत्र येतात ती वेळ ‘संगव’. दिवसाचे पाच भाग करत तेव्हा प्रातःकाळानंतरचा हा दुसरा. ऋग्वेदात उषेला गाईंची आई म्हटलं आहे. घड्याळ नव्हतं तेव्हा दिवस गाईंच्या पावलांनी मोजला जाई, आणि त्या मोजणीत पहिलं पाऊल सुटकेचं होतं.

विलापगीताच्या त्याच ओवीत हेसेदच्या जोडीला दुसरा शब्द आहे ‘रहमीम’. मराठीत याला करुणा म्हणतात, आणि करुणेत खोट काही नाही, फक्त शरीर नाही. रहमीममध्ये आहे. ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय. रहमीम हे त्याच मुळाचं अनेकवचनी रूप. देवाच्या प्रीतीला चक्क गर्भाशयाचा शब्द. अरबीतही हेच: गर्भाशयाला ‘रहिम’, आणि त्यातूनच रहम, रहमत, रहमान, रहीम. म्हणजे हा शब्द फारसी वाटेने आपल्याकडे आधीच आला होता. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या नावात तो आहे, ‘काही रहम आहे की नाही’ म्हणणाऱ्या म्हातारीच्या तोंडात आहे. भाषांतरकारांनी त्याला हात लावला नाही. त्या काळी पंडिती मराठीची प्रतिष्ठा होती आणि फारसी शब्द कचेरीचा समजला जाई. हे मला आजही चुकल्यासारखं वाटतं. हिब्रूतला सख्खा भाऊ दारात उभा असताना आपण संस्कृतातून मानलेला भाऊ आणला.

तिसरा शब्द ‘एमुना’. तेविसाव्या ओवीच्या शेवटी देवाची एमुना थोर आहे असं कवी म्हणतो. मराठीत त्याला सत्य, सत्यता, विश्वासूपणा असे निरनिराळे शब्द दिले गेले. आलेफ, मेम, नून ही याची व्यंजनं, अर्थ पक्कं असणं, टिकणं, भार पेलणं. ‘आमेन’ त्याच मुळाचा: पक्कं, तसंच. अरबीतून आलेला आपला ‘इमान’ही त्याच मुळाचा, आणि अमानत, अमीन हे त्याच घरातले. मराठी खेड्यात ‘इमानेइतबारे’ काम करणारा गडी आणि प्रार्थनेअंती ‘आमेन’ म्हणणारा भाविक, दोघांच्या तोंडी एकच सेमिटिक मूळ आहे. आपला ‘विश्वास’ याहून वेगळ्या वाटेने आला. तो श्वासाचा आहे, वि अधिक श्वस्. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो तो विश्वासाचा. तोही सुंदर. पण एमुनात श्वास नाही, कड आहे, कमरेवर घेतलेलं मूल आहे. हे मी पदरचं सांगत नाही. याच मुळातून हिब्रूत ‘ओमेन’ आणि ‘ओमेनेत’ होतात, म्हणजे मूल सांभाळणारा आणि सांभाळणारी. रूथच्या गोष्टीच्या शेवटी नामी नातवाला उराशी घेते आणि त्याची ओमेनेत होते. वाळवंटात कातावलेला मोशे देवाला विचारतो की या लोकांना काय मी ओमेनने तान्हं मूल न्यावं तसं उराशी धरून न्यायचं?

तेव्हा त्या सुप्रसिद्ध ओव्यांतले तीन शब्द असे: नातं न सोडणं, गर्भाशय, आणि दाईची कड. जळलेल्या नगरात बसलेल्या माणसाला सकाळी सुचले ते हे. राजाचा, न्यायाधीशाचा, सेनापतीचा एकही शब्द त्यात नाही.

ज्यू माणूस झोपेतून उठल्याबरोबर, हात धुण्याआधीसुद्धा, एक छोटी प्रार्थना म्हणतो. ‘मोदे अनी’ हे तिचे पहिले दोन शब्द आणि तेच तिचं नाव. रात्री ठेव म्हणून दिलेला जीव देवाने परत केला म्हणून आभार, आणि शेवट एमुनाने, विलापगीताच्या त्याच ओवीतून उचललेला. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सफेद नावाच्या गावातल्या एका ज्यू पंडिताच्या पुस्तकात ती पहिल्यांदा दिसते. अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्राएल लोकांची घरची भाषा मराठी आणि प्रार्थनेची हिब्रू. तेव्हा बोकेर आणि एमुना हे शब्द कोकणच्या किनाऱ्यावर मिशनऱ्यांची वाट बघत बसले नव्हते. उलट डॉ. जॉन विल्सन यांनी मुंबईत १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं ते याच लोकांसाठी. त्याच ओवीवरून ख्रिस्ती जगात इंग्रजी गीत झालं ते १९२३ साली, अमेरिकेत, थॉमस चिझम यांचं. ते आता मराठी चर्चमध्येही ऐकू येतं.

एकोणिसाव्या शतकातल्या मराठी ख्रिस्ती लेखकांना सकाळ फार प्रिय. अमेरिकन मिशनने अहमदनगरहून १८४२ साली काढलेल्या नियतकालिकाचं नाव ‘ज्ञानोदय’. बाबा पदमनजींच्या आत्मचरित्राचं नाव ‘अरुणोदय’. अरुण म्हणजे तांबूस. अरुणोदय म्हणजे शाळेत जाऊन आलेलं ‘तांबडं फुटणं’. ही नावं त्या पिढीला शोभणारी होती, अंधारातून उजेडात आल्याची तिची भावना खरी होती. पण मला स्वतःला हे उदय जरा व्यासपीठावरचे वाटतात. त्यांत सूर्य उगवतो, माणूस उठत नाही.

माणूस, किंबहुना एक लहान मुलगी, उठते ती पंडिता रमाबाईंच्या आठवणीत. रमाबाई १८५८ साली जन्मल्या, सह्याद्रीच्या रानात, गंगामूळला. आज तो भाग कर्नाटकात आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला संस्कृत शिकवण्याचा गुन्हा केला होता, म्हणून बिऱ्हाड रानात. रमाबाईंचं ‘द हायकास्ट हिंदू वुमन’ हे इंग्रजी पुस्तक १८८७ साली अमेरिकेत निघालं. त्याची प्रस्तावना लिहिली डॉ. रेचल बॉडली यांनी. आनंदीबाई जोशी ज्या फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या त्याच्या त्या प्रमुख. रमाबाईंनी सांगितलेली बाळपणाची एक आठवण त्यांनी त्यात नोंदवली आहे. दिवसभर घरकाम आणि विद्यार्थ्यांचा राबता, म्हणून आई लक्ष्मीबाईंना लेकीला शिकवायला पहाटेशिवाय वेळ नसे. जमिनीवरच्या अंथरुणातून त्या झोपाळू पोरीला उचलून घ्यायच्या, लाडाच्या शब्दांनी जागं करायच्या, आणि रानात पाखरं बोलू लागली की पाठ सुरू व्हायचा. पुस्तक नव्हतं, आईचे ओठ हेच पुस्तक.

या मुलीने पुढे आई, वडील आणि बहीण दुष्काळात गमावली, १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, केडगावला मुक्ती मिशन उभारलं, आणि आयुष्याची शेवटची वर्षं संपूर्ण बायबल मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत आणण्यात घालवली. हिब्रू आणि ग्रीक त्यांनी त्यासाठीच आत्मसात केली. प्रचलित मराठी बायबल त्यांना फार पंडिती वाटे. मुक्तीतल्या साध्या बायकांना कळेल असं त्यांना हवं होतं. भाषांतर छापलं तेही मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकामुलींनी. १९२२ साली रमाबाई गेल्या. विलापगीतातल्या त्या तीन शब्दांपाशी पोचल्यावर त्यांच्या मनात काय आलं असेल याचा अंदाज मी बांधत नाही. पण सकाळी उराशी धरून शब्द देणाऱ्या बाईला हिब्रूत काय म्हणतात, हे वाचणाऱ्या त्या पहिल्या मराठी स्त्रियांपैकी होत्या, आणि तशी बाई त्यांनी पाहिली होती.

नव्या करारात हेसेदची जागा ग्रीक ‘अगापे’ने घेतली आणि मराठीने तिला ‘प्रीती’ म्हटलं. प्रेम नव्हे, प्रीती. मराठी ख्रिस्ती माणसाच्या बोलण्यात हा फरक अजून ऐकू येतो. हा शब्द नाटकी पदांनी बराच गुळचट केला. पण धातुपाठात ‘प्री’चा पहिला अर्थ तर्पण आहे, तृप्त करणं. पोट भरल्याचं सुख. नव्वदाव्या स्तोत्रात मोशेच्या तोंडी मागणं आहे तेही हेच, सकाळी हेसेदने आम्हाला तृप्त कर असं.

पोटावरून आठवलं, ख्रिस्ताने शिकवलेल्या प्रार्थनेतल्या भाकरीच्या विनवणीत एक शब्द असा आहे की जो दोन हजार वर्षं कुणाला पुरता उलगडलेला नाही. ग्रीक ‘एपिऊसिओस’. आपण त्याचं ‘रोजची’ केलं. तिसऱ्या शतकात ओरिगेनने, ज्याची मातृभाषाच ग्रीक, लिहून ठेवलं की हा शब्द विद्वानांच्या लेखनात नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही. शुभवर्तमानकारांनीच तो घडवलेला दिसतो. जेरोमने लॅटिनमध्ये गंमत केली: लूकच्या शुभवर्तमानात ‘दररोजची’ म्हटलं आणि मत्तयच्या शुभवर्तमानात त्याच शब्दाला ‘सर्व पदार्थांपलीकडची’. शिवाय त्याने एक टीप दिली, की हिब्रू लोकांच्या एका शुभवर्तमानात त्या जागी ‘महार’ हा शब्द त्याला सापडला, म्हणजे उद्या. उद्याची भाकर आज दे! आपल्या ‘उद्या’चं नातं उदयाशी जोडतात, इंग्रजी आणि जर्मन भाषांतही उद्या म्हणजे पुढची सकाळच. एपिऊसिओसचा एक अर्थ ‘येऊ घातलेल्या दिवसाची’ असा लावतात. तो धरला तर पहाटे उठून हे मागणाऱ्यासाठी येणारा दिवस म्हणजे आजचाच, आणि रात्री मागणाऱ्यासाठी उद्याचा.

याच्या मागे वाळवंटात इस्राएली लोकांना मिळणारा मान्ना आहे. रोज सकाळी दव उडून गेल्यावर जमिनीवर तो दिसे, माणशी एक ओमेर गोळा करायचा, साठवला तर किडे पडत. फक्त शब्बाथच्या आदल्या दिवशी दुप्पट चाले. त्याचं नावही प्रश्नच आहे, ‘मान हू?’, हे काय आहे? आमच्या ‘रोज’ या फारसी शब्दाच्या पोटात तर उजेड आहे. प्राचीन फारसीत तो ‘रउचह’ होता, संस्कृत ‘रुच्’चा भाऊ, चकाकण्याचा धातू, रोचक आणि रुची हे त्याचेच. गोव्याच्या कोंकणी प्रार्थनेत मात्र भाकरही नाही आणि पाव तर नाहीच, जरी पाव पोर्तुगिजांनीच आणला. तिथे आहे ‘गिरास’, म्हणजे ग्रास, आपला घास. भाकरीपेक्षा हा शब्द मला नेमका वाटतो. घास भरवायला कुणीतरी लागतं.

प्रार्थनेच्या वेळांची युरोपी नावं थोडक्यात सांगतो, कारण त्यांत एक गोष्ट राहून जायला नको. मठांतल्या पहाटेच्या प्रार्थनेला मॅटिन्स म्हणतात. हा शब्द लॅटिन ‘मातुतिनुस’, सकाळचा, यावरून आला, आणि मातुतिनुस आला मातेर मातुता या रोमन देवीवरून. माता मातुता, पहाटेची आई. तिचं देऊळ होतं ‘फोरम बोआरियम’मध्ये, म्हणजे रोमच्या गुरांच्या बाजारात. तिचा सण ११ जूनला, आणि त्या दिवशी रोमन बायका स्वतःच्या नव्हे तर बहिणींच्या मुलांसाठी प्रार्थना करत, असं प्लुटार्क सांगतो. पहाट, आई, गुरं, आणि वर मावशीही! ख्रिस्ती संन्यासी शतकानुशतकं रोज हे नाव घेत उठले आणि मातुतेचा त्यांना पत्ता नव्हता. ईस्टरचंही तसंच. आठव्या शतकात बीडने लिहिलं की हे इंग्रजी नाव एओस्त्रे नावाच्या देवीवरून पडलं, आणि भाषाशास्त्रज्ञ तिचा धागा थेट आपल्या उषेपर्यंत नेतात. गोव्यात त्या सणाला ‘पास्क’ म्हणतात, हिब्रू ‘पेसाह’वरून. पुनरुत्थानाच्या दिवशी काही बायका अगदी पहाटे कबरेकडे गेल्या होत्या, हे ध्यानात घेतलं तर उषेचं नाव त्या सणाला वावगं नाही.

आणि ज्याच्यासाठी त्या गेल्या, तो जन्मला तेव्हा ठेवला कुठे होता? मराठी बायबल सांगतं, गव्हाणीत. गाईचं नाव त्या शब्दाच्या तोंडावरच आहे.

सकाळी भेटल्यावर म्हणायला मराठीत अलीकडे ‘सुप्रभात’ आला आहे. संस्कृतात तो जुना आहे, तिरुपतीचं व्यंकटेश सुप्रभातम् सगळ्यांच्या कानात आहे; पण भेटीतला नमस्कार म्हणून तो इंग्रजीचा अनुवाद आहे आणि मोबाइलवर फुलांच्या चित्राबरोबर येतो. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत जुनी माणसं म्हणतात, ‘देव बरो दीस दिवं’. देव चांगला दिवस देवो. देव आणि दीस दोन्ही ‘दिव्’ या एकाच धातूचे, चकाकण्याच्या. पोर्तुगीज ‘देउश’ आणि ‘दिय’ हेही त्याच मुळापर्यंत जातात. कोंकणीने पोर्तुगिजांचा नमस्कार उचलला असं कुणी म्हणालं तर मी वाद घालणार नाही, मात्र भाषेला तो उचलताना फार लांब हात करावा लागला नसणार. ‘दिवं’ हे ‘देवो’सारखं रूप आहे, आशीर्वादाचं. बोलणारा स्वतः काही देत नाही, ऐकणाऱ्याकडून काही मागत नाही; दोघांच्या वतीने तिसऱ्याकडे मागतो. आभार मानायचे तरी हीच रचना: ‘देव बरें करूं’. आणि रात्री निरोप घेताना दीसच्या जागी रात येते, बरोचं बरी होतं, बाकी वाक्य तसंच राहतं.